बोराटीमागची बैठक

आमचे वकीलसाहेब कुठेही बसण्याआधी चिमूटभर माती उचलून हवेत सोडत आणि ती कुठल्या बाजूला उडते ते पाहत. रानात ही सवय समजण्यासारखी आहे. पण ते लग्नाच्या मांडवात, कीर्तनात, मुन्सफाच्या कचेरीत आणि माझ्या खोलीतही हेच करत. माझ्या खोलीत माती नसे, म्हणून चुलीतली राख घेत. वाऱ्याचा अंदाज आला की त्याच्याकडे तोंड करून, पाठीशी भिंत किंवा खांब घेऊन ते बसत, आणि मग हळूहळू असे काही स्थिर होत की थोड्या वेळाने समोरच्याला आपण एकटेच बोलत आहोत असं वाटू लागे.

"मास्तर, माणूस कसा बसतो त्यावरून त्याची अक्कल कळती," असं ते म्हणत. मी कसा बसतो याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

मी तेव्हा केजच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य होतं. शिकवायचं उर्दूत, पोरांना रागवायचं मराठीत, आणि वरिष्ठांपुढे गप्प राहायचं दोन्ही भाषांत. वकीलसाहेबांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. ते मूळचे चकलांब्याकडचे, खात्यापित्या शेतकरी घरातले, हैदराबादेला राहून वकिलीची परीक्षा पास झालेले. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा यांनी चांगली काळी जमीन सोडून दिली आणि तिच्याऐवजी वडिलांची एकनळी बंदूक मागून घेतली. भावांना वाटलं आपण याला फसवलं. यांना वाटलं आपण त्यांना फसवलं. त्यामुळे त्या घरात वाटणीवरून कधी भांडण झालं नाही.

वकिली ते शिकारीसारखी करत. इतर वकील हाका घालून सावज उठवावं तसे गर्जत. हे कोपऱ्यात बसून राहत. त्यांचं पागोटं मातकट रंगाचं होतं, बाभळीच्या सालीत रंगवलेलं, आणि अंगरखाही त्याच रंगाचा. कचेरीच्या मातीच्या भिंतीपुढे ते बसले की मुन्सफ त्यांना सरळ विसरून जाई. साक्षीदार निर्धास्त होऊन चरायला लागला, म्हणजे मनाला येईल ते सांगायला लागला, की हे उठत, एकच प्रश्न विचारत आणि खाली बसत. पुष्कळदा तेवढ्यावर काम होई. नाही झालं तर दुसरा प्रश्न विचारत नसत. पक्षकार चिडत. पैसे देऊन केलेला वकील दिसावा तरी, एवढी त्यांची अपेक्षा असे.

कचेरीच्या ओसरीतून ते जोडे काखेत घेऊन अनवाणी चालत, कारण नवे जोडे करकरतात आणि जुने फटफटतात. शिकारीच्या आदल्या दिवशी शिकेकाई, तेल, तंबाखू, कांदा सगळं बंद. कपडे रात्रभर शेळ्यांच्या गोठ्यात टांगलेले असत, म्हणजे त्यांना माणसाचा वास राहू नये. काकूंचं म्हणणं असं की हरणं फसत असतील नसतील, पण पक्षकार मात्र त्या वासाने ओळखून दुसऱ्या वकिलाकडे जातात.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. परमेश्वराने ही जोडी जुळवताना काय विचार केला होता ते त्यालाच माहीत. काकूंचा आवाज मांजरा नदीच्या पलीकडे ऐकू जाई. त्या कुजबुजल्या तर शेजारच्या वाड्यातून उत्तर येई. पण शिकारीची शिदोरी त्या न चुकता देत: भाकरी दुधात भिजवून अगदी मऊ केलेली, कारण कडक भाकरी दाताखाली वाजते आणि शांत रानात तो आवाज लांब जातो असा वकीलसाहेबांचा सिद्धांत होता. "दात हायेत तवर कडक खावी मानसानं," असं काकू सगळ्या गल्लीला सांगत, आणि भिजवून देत.

हरणाची शिकार म्हणजे बंदूक, नेम आणि छातीचा कोट, असा माझा पुस्तकी समज होता. वकीलसाहेबांच्या लेखी बंदूक ही शेवटी येणारी आणि सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट होती. खरी शिकार म्हणजे बसायची जागा निवडणं.

केजहून नेकनूरकडे जाणारी गाडीवाट जिथे काळी रानं सोडून मुरमाड माळाला लागते, तिथे काळविटांचा एक कळप असे. सकाळी हरभऱ्यात चरून ऊन चढलं की तो माळावरच्या एका उथळ, परातीसारख्या जागेत येऊन बसे, रवंथ करी आणि उन्हं कलली की उठे. गवत चेपलेलं, लेंड्या पडलेल्या, त्यावरून ती जागा ओळखू येई. वकीलसाहेब तिला इजलास, म्हणजे कोर्टाची बैठक, म्हणत. सकाळी इजलास भरे, दुपारनंतर बरखास्त होई. मुन्सफाच्या इजलासापेक्षा याच्याबद्दल त्यांना जास्त आदर होता. इथे सगळे निरनिराळ्या दिशांना तोंडं करून बसत आणि एक म्हातारी हरणी उभी राहून पहारा देई.

"आपल्या कचेरीत बगा," ते म्हणत. "सगळे एकाच बाजूला तोंड करून बसतेत. सायबाकडं. मागून वाघ आला तर वाघालाच लाज वाटंल."

एका हिवाळ्यात त्यांनी मला जागा निवडायला बरोबर नेलं. जुनी बैठक पावसात वाहून गेली होती, नवी शोधायची होती. बंदूक घरीच. कळप चरायला गेला होता तोवर आम्ही त्या परातीच्या कडेकडेने हिंडलो. मला एक कडुलिंबाचं झाड आवडलं. खोड जाड, सावली गर्द. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मान हलवली.

"सावली सरकती मास्तर. आपल्याला सरकता येत न्हाई."

मग मी एक टेकाड दाखवलं. तिथून सगळा माळ दिसत होता. ते म्हणाले, तिथे बसलेला माणूस आभाळात बसल्यासारखा दिसतो. माणसाला उंच बसायची फार हौस, आणि हरणाला नेमकं तेच आधी दिसतं. तरवडाच्या एका झुडपावर मधमाश्या होत्या, म्हणून ते बाद झालं. एक माशी चावली की मी नाचणार, याबद्दल त्यांना खात्री होती. एका छान दगडाजवळ टिटवीचं घरटं निघालं. टिटवी म्हणजे माळाचा चपराशी, ते म्हणाले, कोण आलं-गेलं ते सगळ्यांना ओरडून सांगणार. मी जागा सुचवणं बंद केलं तेव्हा त्यांना बरं वाटलं.

शेवटी त्यांनी जी जागा धरली ती इतकी सामान्य होती की मी तिच्यावरून दोनदा चालत गेलो होतो. एक बोराटीचं खुजं झुडूप, त्याच्यामागे ढासळलेला दगडी बांध. बांध पाठीशी, म्हणून माणसाचा आकार आभाळावर उमटत नव्हता. सकाळचं ऊनही पाठीमागून, म्हणजे पाहणाऱ्या हरणाच्याच डोळ्यांवर येणारं. वारा तिकडून इकडे. आणि जवळच एक कोरडा ओढा होता, ज्यातून वाकून आलं की परातीच्या कडेला न दिसता पोचता येत होतं. ही वाट त्यांना जागेइतकीच महत्त्वाची वाटे. बायका तांदूळ निवडतात तसे ते त्या वाटेवरचे सुटे खडे आणि वाळकी पानं निवडत बसले. बोराटीच्या दोनच फांद्या नजरेच्या आड येत होत्या. मी त्या मोडायला गेलो तर माझा हात धरला. एका खेपेला एकच फांदी, असा नियम होता.

"हरणाला झुडूप पाठ असतंय. एकदम हजामत केली तर वळखीचा मानूस पागोट्याबिगर आल्यावानी हुतंय. थांबतेत अन् बगतेत."

नंतर कितीतरी सकाळी ते तिथे नुसते बसून आले. कळपाला त्या झुडपाची शंका येईनाशी झाली, तेव्हा कुठे बंदूक गेली. त्या दुपारी काळवीट घरी आलं, एकाच बारात पडलेलं. गल्लीत वाटे गेले, मलाही एक मिळाला. त्यांना मात्र वेगळ्याच गोष्टीचा अभिमान होता. बार काढल्यावर ते उठले नव्हते. कळप दिसेनासा होईपर्यंत तसेच बसून राहिले होते. आवाज कुठून आला हे हरणाला उमजत नाही, ते म्हणाले. ते पळतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत येतं. माणूस उठलेला दिसला की मात्र त्याला जागेचा अर्थ कळतो, आणि मग तो इजलास कायमचा उठतो. वर्षातून एखाद्या-दुसऱ्या खेपेलाच ते बार काढत आणि कळप वर्षानुवर्षं तिथेच बसे, यात त्यांच्या सगळ्या विद्येचं सार होतं.

ही विद्या सरकारदरबारी पोचायला नको होती. पण मटणाचा वाटा तहसील कचेरीतही जाई, आणि पेशकाराला मटणापेक्षा बातमीची जास्त चव होती. पेशकार म्हणजे तहसीलदाराच्या उजव्या हाताला बसून कागद पुढे सरकवणारा माणूस. आमच्याकडचा पेशकार चालतानाही कागद पुढे सरकवत असल्यासारखा वाकलेला असे.

तो एके दिवशी घरी आला. पान खाल्लं, काकूंच्या आवाजाची तारीफ केली आणि मग सांगितलं की जिल्ह्याचे ताल्लुकदारसाहेब, म्हणजे कलेक्टर, दौऱ्यावर येत आहेत, त्यांना काळविटाचा शौक आहे, आणि वकीलसाहेबांची बैठक जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. साहेब तिथे बसतील. जाता जाता त्याला आठवलं की बंदुकीच्या परवान्याची मुदत संपत आली आहे आणि नव्या परवान्यावर सही साहेबांचीच लागते. हे त्याने इतक्या सहज सांगितलं की कुणाला धमकी दिली असं पुढे म्हणता येऊ नये.

तो गेल्यावर वकीलसाहेब बराच वेळ ओसरीवर बसले. मातीही उचलली नाही. साहेबाला जागा दिली तर लवाजमा येणार, इजलास उठणार. नाही दिली तर बापाची बंदूक जाणार.

मी विद्वत्ता दाखवली. म्हणालो, त्यात काय, दुसरीकडेच बसवा. साहेबाला काय कळतंय कुठली बैठक खरी. हरणं दिसली नाहीत तर दोष हरणांचा. काकूंनाही हे पटलं.

"मास्तर बरूबर बोलतेत," त्यांनी केजला ऐकवलं. "पल्याड बसवा त्यान्ला, बाभळीखाली. गालिचा बी मावंल."

वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी वाईट जागा शोधायला गेले. संध्याकाळी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा गेले. एक जागा त्यांना छान वाईट वाटली होती, पण बसून पाहिल्यावर लक्षात आलं की दुपारी वारा फिरला तर ती चांगली होते. दुसरी वाईट होती, पण तिथे बसलेल्या साहेबाला पाहून कळप उजवीकडे पळाला असता, म्हणजे थेट खऱ्या बैठकीपुढे, आणि ती जागाही बिघडली असती. तिसऱ्या ठिकाणी ते स्वतःच्या नकळत खडे निवडायला लागले होते.

"जमंना, मास्तर," ते म्हणाले. "वाईट बसायचं कसं ते मला शिकवलंच न्हाई कुनी. तुमी शिकवता का?"

मी म्हणालो, हा माझा हातखंडा विषय आहे.

"गप बस बे," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मग बोलले, "कावून लपवायचं? सायेब शिकारी हाय म्हनतेत. असंल तर त्याला बी कळंल. मी सगळ्यान्ला बसवतो. सगळे नीट बसले तर इजलासाला धक्का लागत न्हाई. बंदूक बी राहती अन् जागा बी राहती."

हा आशावाद त्यांना शोभत नव्हता. पण आपल्या विद्येवर त्यांचा विश्वास होता, आणि मी तोवर त्यांच्या विद्येत चूक पाहिली नव्हती.

साहेब आले. मला शाळेचा प्रतिनिधी म्हणून हजर राहण्याचा हुकूम होता. काळविटाच्या शिकारीत शिक्षणखात्याचं काय काम, हे विचारण्याची पद्धत नव्हती. सकाळी गाडीवाटेला बग्गी, बैलांच्या दमण्या आणि घोडी थांबली तेव्हा मला वाटलं की आज कळप बीडच्याही पलीकडे जाईल. गालिचा होता, तक्क्या होता, पानदान, पिकदाणी, सुरई आणि छत्री होती, आणि या प्रत्येक वस्तूला एकेक माणूस होता. तहसीलदार शेरवानीवर सरकारी पट्टा बांधून आले होते; त्याचं पितळ उन्हात लांबून चमकत होतं.

त्या सकाळी मी वकीलसाहेबांना जसं पाहिलं तसं पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. बैलांच्या घुंगुरमाळा काढायला लावल्या. बग्गी परत वळवून पार नदीकाठी पाठवली. तहसीलदारांच्या पट्ट्याला अदबीने चिखल फासला. गालिचा उलटा अंथरला तर मातीसारखा दिसतो, हे त्यांनीच शोधून काढलं. साहेब स्थूल, हसतमुख आणि खरोखर शिकारी होते; अत्तर लावू नये हे त्यांना ठाऊक होतं, आणि पिकदाणी मागे ठेवायला त्यांनीच सांगितलं. बोराटीमागे बुटक्या चौरंगावर बसून त्यांनी समोर पाहिलं, मागच्या बांधाला हात लावून पाहिला आणि वकीलसाहेबांकडे बघून फक्त मान हलवली. त्या एका मानेसाठी वकीलसाहेबांनी सगळ्या वर्षाची वकिली दिली असती.

मग त्यांनी उरलेल्यांना बसवलं. साहेबांना सोडून कुणीच दूर जायला तयार नव्हतं. साहेबांनी हाक मारली आणि आपण जवळ नसलो तर काय, ही सगळ्यांना काळजी. म्हणून बांधाच्या आडोशाने, ओढ्याच्या काठाने, प्रत्येक झुडपामागे एकेकाला जागा नेमून दिली. पेशकाराला रुईमागे, तहसीलदारांना बांधाच्या कोपऱ्यात, छत्रीवाल्याला छत्री मिटवून घळीत, मला पिकदाणीवाल्याबरोबर तरवडाखाली. स्वतः साहेबांच्या डाव्या हाताला, जमिनीवर. थोड्या वेळाने मी मान वळवून पाहिलं तर तहसील कचेरी नाहीशी झाली होती. सगळी सत्ता माळात विरघळली होती. इतकं चांगलं सरकार मी पुन्हा पाहिलं नाही.

ऊन चढलं. कळप आला. पुढे ती म्हातारी हरणी, मागे बाकीच्या, आणि शेवटी मान ताठ करून काळा नर. हरण्या एकेक करून बसल्या. म्हातारीने आमच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि नजर काढून घेतली. माझ्या शेजारचा पिकदाणीवाला श्वास घ्यायचा थांबला होता. काळा नर सगळ्यात शेवटी बसला, आणि असा बसला की त्याच्यापुढे एक हरणी आडवी आली.

आता थांबायचं होतं. केव्हातरी तो उठणार, अंग ताणणार, आणि तेव्हा बार काढायचा. वकीलसाहेबांनी बोट किंचित हलवून साहेबांना हेच सुचवलं. साहेबांनीही मान डोलावली. पण चौरंग बुटका होता आणि साहेब जड होते. पायाला मुंग्या आल्या असाव्यात. त्यांनी एक गुडघा सरळ केला, मग दुसरा, आणि हरणीच्या वरून नेम मिळतो का ते पाहायला बंदूक खांद्याला लावून अगदी हळू, शिकाऱ्याला शोभेल असे, अर्धवट उभे राहिले.

एवढ्याने कळप कदाचित उठलाही नसता. बोराटी उंचीला पुरत होती.

पण साहेब उठले म्हटल्यावर रुईमागून पेशकार उभा राहिला. त्याने ठरवून केलं असेल असं नाही. साहेब उभे राहिल्यावर त्याचे पाय आपोआप सरळ होत, तीस वर्षांची नोकरी होती. पेशकार दिसल्यावर तहसीलदार उभे राहिले. तहसीलदार उभे राहिल्यावर ओढ्यातून, घळीतून, झुडपाझुडपांतून सगळे चपराशी उभे राहिले आणि त्यांनी हात पोटापुढे बांधले. छत्रीवाल्याने छत्री उघडली. आणि मीही उभा होतो. कधी उठलो ते मला कळलं नाही.

कळपाने आमच्याकडे पाहिलं. मोकळ्या माळावर एकाएकी पूर्ण दरबार उगवलेला त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिला नसेल. मग म्हातारी हरणी उडाली, आणि तिच्यामागे सगळा इजलास हवेतून उड्या घेत गेला. बार निघालाच नाही.

साहेबांनी बंदूक खाली घेतली आणि सभोवार पाहिलं. एवढ्या उभ्या माणसांत एकच माणूस बसलेला होता. वकीलसाहेब जमिनीवर, हात गुडघ्यांवर ठेवून, जसे आधी बसले होते तसेच बसून होते. डोळे दूरच्या टेकाडाकडे लागलेले. तिथे कळप थांबला होता आणि वळून पाहत होता.

पेशकाराने खालच्या आवाजात त्यांना उठायला सांगितलं. मग जरा वरच्या आवाजात सांगितलं. मला माझ्या जागेवरून ओरडून सांगावंसं वाटलं की उठा, वकीलसाहेब, आता काय उरलं आहे, बंदूक तरी वाचवा. पण त्यांच्या दृष्टीने उरलं होतं. ते उर्दू फर्डी बोलत, पण त्या क्षणी त्यांना ती सुचली नाही.

"हुजूर, खाली बसा," ते अगदी हळू म्हणाले. "टेकाडावर थांबलीत. समदे बसलो तर माघारी येतील."

ताल्लुकदाराला खाली बसायला सांगणारा माणूस त्या जिल्ह्यात त्याआधी झाला नसावा. आणि मी शपथेवर सांगेन, साहेबांचे गुडघे वाकले होते. त्यांनी टेकाडाकडे पाहिलं, त्यांना ते खरं आहे हे कळलं होतं, आणि ते बसणार होते. पण मग त्यांची नजर पेशकाराच्या चेहऱ्यावर गेली, तहसीलदारांच्या चिखल फासलेल्या पट्ट्यावर गेली, आणि गुडघे पुन्हा सरळ झाले. एवढ्या लोकांसमोर माणसाला स्वतःच्या मनासारखं वागणं कठीण जातं.

"आप बैठे ही रहे, वकीलसाहब," ते म्हणाले. आवाजात राग कमी आणि खेद जास्त होता.

टेकाडावरचा कळप निघून गेला. मग वकीलसाहेब उठले.

परवाना झाला नाही. सही न होण्याचं कारण बेअदबी असं तोंडी कळवण्यात आलं. वकीलसाहेबांनी बंदुकीला तेल दिलं, काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि स्वतःच कचेरीत नेऊन दिली. जाताना जोडे काखेत होते. त्या दिवशी काकूंचा आवाज ऐकू आला नाही. शेजारच्या घरातून दोनदा विचारणा झाली की सगळं ठीक आहे ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीत तोंड धूत होतो. काकू भिजवलेल्या भाकरीचं फडकं घेऊन आल्या आणि ते वकीलसाहेबांपुढे ठेवलं.

"जावा," त्या म्हणाल्या. हे मात्र त्या खरोखरच हळू म्हणाल्या. "बसून या."

कळप त्या परातीत येईनासा झाला होता. वकीलसाहेब रोज सकाळी माळ धुंडत. लोक विचारत, बंदूक नाही तर जाता कशाला. ते म्हणत, हरणं कुठं बसतात ते पाहायला. लोकांना हे उत्तर वाटत नसे. पुढे पेशकाराने निरोप धाडला की साहेब पुन्हा दौऱ्यावर आले आहेत, कचेरीत येऊन, त्यांच्यापुढे उभं राहून, चूक झाली एवढं म्हटलं तर बंदूक परत मिळेल. वकीलसाहेब खरंच गेले. दारात थांबून त्यांनी चिमूटभर माती सोडली, आत सगळीकडे नजर फिरवली आणि परत आले.

"आत समदी उभ्यानंच राहायची जागा हाय, मास्तर," ते म्हणाले. "मला न्हाई जमायची."

बंदूक तिथेच राहिली. पेशकाराला ती भिंतीवर टांगायला बरी वाटली असावी.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझी बीडला बदली झाली. शाळेत हारतुरे झाले, भाषणं झाली. ज्यांनी मला कधी ओळख दिली नव्हती त्यांनी माझे गुण सांगितले. वकीलसाहेब आले नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले होते, चुलीतली राख उडवून बसले होते. म्हणाले, पोचवायला काही येणार नाही, सकाळी काम आहे. मग सांगितलं की इजलास पुन्हा भरतो आहे. जुन्याच जागी. बोराटी वाढली होती, तिची फांदी-फांदी करून छाटणी चालू होती.

सकाळी काकूंनी मला निरोप दिला. तो नेकनूरपर्यंत पुरेल इतक्या आवाजात होता. बैलगाडी काळी रानं सोडून माळाला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. मी गाडीवानाला गाडी थांबवायला सांगितलं आणि बैलांच्या घुंगुरमाळा हाताने धरायला लावल्या. लांब, त्या उथळ परातीत कळप बसला होता. सगळ्यांची तोंडं निरनिराळ्या दिशांना. म्हातारी हरणी उभी होती आणि तिला आमची काही पडली नव्हती.

मी बांध शोधला. तो सापडला. बोराटी शोधली. तीही सापडली. तिच्यामागे मी डोळे फाडून पाहिलं, एक पागोटं, एक खांदा, एखादं हलणं. काही दिसेना. ते तिथे होते याबद्दल मला शंका नव्हती. आणि मला ते दिसले असते तर त्यांना फार वाईट वाटलं असतं.

निरोप उभं राहून घ्यायचा असतो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळांसाठी उभा राहिलो, आणि त्यातल्या बहुतेकांचे चेहरेही मला आता आठवत नाहीत. त्या सकाळी मी गाडीत बसून राहिलो. वारा आमच्याच बाजूला येत होता. बसल्या बसल्याच हात जोडले, अगदी हळू, आणि गाडीवानाला खुणेने सांगितलं की बैलांना पायापायाने चालू दे.